कीटकनाशकयुक्त मच्छरदाणी

कीटकनाशकयुक्त मच्छरदाणी म्हणजे हिवतापाचा (मलेरिया) प्रसार करणाऱ्या ॲनोफिलिस डासांपासून संरक्षण देणारी, कीटकनाशकाची प्रक्रिया केलेली जाळी होय. साधी मच्छरदाणी डासाला केवळ अडवते; ही मच्छरदाणी त्याला स्पर्शाने मारते किंवा परतवून लावते. गावातील बहुतेक घरांत ती वापरली गेल्यास न वापरणाऱ्यांनाही काही प्रमाणात संरक्षण मिळते.

पार्श्वभूमी

हिवतापाचे परजीवी डासाच्या शरीरात वाढतात, हे रोनाल्ड रॉस यांना १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे आढळले. भारतात १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रमाखाली घरोघरी डीडीटीची फवारणी सुरू झाली. तेव्हा देशात दरवर्षी सुमारे साडेसात कोटी रुग्ण होत. १९६५ पर्यंत ही संख्या सुमारे एक लाखावर आली. परंतु १९७६ मध्ये ती पुन्हा ६४ लाखांवर गेली. डासांमध्ये डीडीटीला निर्माण झालेला प्रतिकार हे त्याचे एक कारण होते.

प्रकार

पूर्वी मच्छरदाणी कीटकनाशकाच्या द्रावणात बुडवून वाळवीत व ही प्रक्रिया सहा ते बारा महिन्यांनी पुन्हा करावी लागे. दीर्घकाळ टिकणाऱ्या मच्छरदाणीत डेल्टामेथ्रिन, परमेथ्रिन यांसारखे पायरेथ्रॉइड धाग्यातच मिसळलेले किंवा त्यावर बसवलेले असते. ती सुमारे वीस धुण्यांपर्यंत व तीन वर्षे प्रभावी राहावी, अशी अपेक्षा असते.

महाराष्ट्रातील स्थिती

राज्यात हिवतापाचा मोठा भार वनव्याप्त गडचिरोली जिल्ह्यावर असून तेथे अशा मच्छरदाण्या वाटल्या जातात. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्हा अवर्षणप्रवण आहे. पाणीटंचाईमुळे टाक्या व रांजणांत साठवलेल्या पाण्यात ॲनोफिलिस स्टीफेन्सी, तसेच डेंग्यू पसरवणारे एडिस डास वाढू शकतात. एडिस डास दिवसा चावतो. म्हणून येथे मच्छरदाणीच्या जोडीला भांडी झाकणे व आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळणे आवश्यक ठरते.

वापर आणि मर्यादा

नवी मच्छरदाणी वापरण्यापूर्वी एक दिवस सावलीत पसरून ठेवतात. ती सौम्य साबणाने धुऊन सावलीतच वाळवावी. पायरेथ्रॉइड माशांना घातक असल्याने ती नदी-तलावात धुऊ नये. उन्हाळ्यात अंगणात किंवा माळवदावर आणि राखणीसाठी शेतात झोपणाऱ्यांनी ती सोबत नेली नाही, तर घरातील मच्छरदाणीचा त्यांना उपयोग होत नाही. पायरेथ्रॉइडला डासांचा वाढता प्रतिकार ही जगभर चिंतेची बाब असल्याने काही मच्छरदाण्यांत अन्य रसायनांची जोड दिली जाते.

मच्छरदाणी हा उपचार नाही. ताप आल्यास रक्ततपासणी करून पूर्ण औषधोपचार घेणे आवश्यक असते.