नांगऱ्याचें सोंग आणि भाषेचा पाठ

परक्या भाषेचें व्याकरण पाठ झालें तरी तोंड उघडतांना जीभ अडखळते, हा अनुभव आपणां बहुतेकांचा आहे. ह्यावर जुन्या गुरुजनांनीं जो उपाय योजिला तो लटक्या संभाषणाचा. त्याची थोडी हकीकत येथें देण्याचें आम्ही योजिलें आहे.

तिसऱ्या शतकाच्या सुमारास ग्रीक व लॅटिन ह्या भाषा शेजारीं शेजारीं मांडलेलीं संवादपुस्तकें रोमन साम्राज्यांतील मुलांच्या हातीं होतीं. मुलगा सकाळीं उठतो, कपडे घालतो, शाळेस जातो, असा त्यांतील मजकूर. परंतु आमच्या मतें ह्या प्रकारांतील सर्वांत गोड ग्रंथ इंग्लंडांतील संत बेनेदिक्त ह्यांच्या संघाचे संन्यासी एल्फ्रिक ह्यांचा. मठांतील मुलांना लॅटिन बोलतां यावें म्हणून इ. स. १००० च्या सुमारास त्यांनीं तो रचिला. त्यांत एक मुलगा नांगऱ्या होतो, दुसरा मेंढपाळ, तिसरा कोळी, चवथा व्यापारी; आणि गुरु एकेकास त्याच्या धंद्याविषयीं प्रश्न विचारतात. देवमासा कां धरीत नाहींस, असें कोळ्यास विचारतां तो सांगतो कीं, आपणांस बुडवील अशा माशापेक्षां आपल्या हातून मरेल तो मासा बरा. (आमच्या किनाऱ्यावरील कोळी बांधवांस हें पटेल!) नांगऱ्याचें उत्तर मात्र हंसण्यासारखें नाहीं. पहांटे बैल हांकीत शेतावर जावें, कडक हिवाळ्यांतहि धन्याच्या भीतीनें घरीं राहूं नये, रोज एकरभर किंवा अधिकच नांगरावें. आणि हे कष्ट कां, तर आपण स्वतंत्र नाहीं म्हणून. लॅटिन क्रियापदें गिरवितां गिरवितां मठांतील मुलाच्या मुखानें दासाचें दुःख वदविलें गेलें, हेंच आम्हांस त्या ग्रंथाचें खरें मोल वाटतें.

आपल्या मराठीसहि हें साधन लाभलें. विल्यम केरी ह्या प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनीं १८०५ सालीं श्रीरामपूर येथें छापिलेल्या मराठी व्याकरणास संवाद जोडिले होते. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजांत ते कंपनीच्या तरुण अंमलदारांस मराठी शिकवीत. त्यांच्या १८०१ च्या बंगाली संवादांत चाकर, मजूर, सावकार, ऋणको, भांडणाऱ्या बायका असे सर्व येतात. शिकणारा साहेब, त्यास पुढें हुकूम करावयाचा होता. तरीहि मजुराचें बोलणें त्यास ऐकावें लागलें.

पुस्तकांतील सोबती ठरलेलेंच उत्तर देतो, ही उणीव पुष्कळ काळ राहिली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत लिंग्वाफोनच्या तबकड्यांनीं उच्चार कानांवर घातले, पण तबकडीस प्रश्न कसा करावा? टंकिलेल्या वाक्यास उत्तर देणारी इलायझा नांवाची संगणकाची आज्ञावली १९६६ सालीं अमेरिकेंत वायझेनबाउम ह्यांनीं प्रसिद्ध केली. ती भाषाशिक्षणासाठीं नव्हती. आज मात्र संगणक दुकानदार किंवा डॉक्टर होऊन विद्यार्थ्याशीं बोलतो, चुकल्यास हंसत नाहीं, कंटाळत नाहीं. लाजाळू मुलांस हा मोठाच आधार आहे. केवळ एक गोष्ट आम्हांस खटकते. आम्ही पाहिलेल्या अशा पाठांत विद्यार्थी बहुधा गिऱ्हाईक असतो, नाहीं तर प्रवासी. नांगऱ्या होण्याचा प्रसंग त्याजवर येत नाहीं.