अपुरें घर

घराचें माप खणांनीं सांगण्याची आमच्याकडे जुनी चाल आहे. दोन खांबांमधील अंतर तो खण. कुटुंब वाढलें कीं खण वाढवावा, हा सुताराचा हिशेब वाड्यांत वाढलेल्या वाचकांस ठाऊकच आहे. मूळ पुण्याच्या बाळकृष्ण दोशींनीं १९८० नंतरच्या दशकांत इंदुरास ‘अरण्य’ नांवाची वसाहत आंखली, तेव्हां कांहींसा हाच हिशेब गरिबांच्या घरास लागला.

सुमारें ८५ हेक्टर जमिनीवर ६,५०० च्या आसपास जागा पाडल्या. सर्वांत लहान जागा ३५ चौरस मीटरांची. ती घेणारास घर मिळालें नाहीं. मिळालें जोतें, पाण्याचा नळ, शौचकूप आणि, कित्येकांस, एक खोली. पुढचें ज्यानें त्यानें ऐपतीप्रमाणें बांधावें. ही गरिबाची थट्टा नव्हे काय, असें प्रथम आम्हांसही वाटलें. परंतु पुऱ्या घराचा हप्ता ज्याच्या रोजमुऱ्यांत बसत नाहीं, त्याच्या पदरीं एरवीं पडते ती झोपडी, आणि तिला ना नळ ना मोरी. माळव्यांतील उन्हाचाही विचार होता: घरें भिंतीस भिंत लावून, एकमेकांवर सावली धरतील अशीं बसविलीं. गारव्यास पैसा पडला नाहीं.

१९९५ सालीं या कामास आगाखान पारितोषिक मिळालें. दोशींनीं स्वतः नमुन्यादाखल बांधिलीं तीं घरें अवघीं ८०. त्यांवरून लोकांनीं हवें तें उचललें. कोणी ओटा काढला, कोणी सज्जा. कोणी खालीं दुकान थाटून बिऱ्हाड माडीवर नेलें.