जयंती रोहूचं कूळ

ग्वाल्हेरच्या बिर्लानगरात घरी येणारा रोहू आज बहुधा तलावात पोसलेला असतो. त्याचं मूळ घर मात्र नदी. ग्वाल्हेरचे ओढेनाले अखेर यमुनेला मिळतात आणि त्या यमुनेच्या रोहूचं रक्त ‘जयंती’ या वाणात आहे. भारतीय कार्प माशांत पद्धतशीर निवडीतून उभा राहिलेला हा पहिला वाण.

रोहू साचलेल्या तलावात अंडी घालत नाही, त्याला पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून पूर्वी बीज नदीतून गोळा करत, त्यात नको त्या जातींची पिल्लंही येत. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात हिरालाल चौधरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्पची वीण घडवली. पुढच्याच वर्षी ग्वाल्हेरशेजारच्या बुंदेलखंडात, छतरपूर जिल्ह्यातल्या सोनार तलैयात, कोरड्या बांधात पावसाचं पाणी चढल्यावर कार्पची वीण साधली. मला ही युक्ती फार मोलाची वाटते: तिथे पूर नदीत शोधावा लागला नाही, बांधातच आणला गेला.

बीज मुबलक झालं आणि नवाच घोर लागला. किलोभर वजनाची मादी दोन-तीन लाख अंडी देते, म्हणजे मोजक्या जोड्यांवर अख्ख्या बीजकेंद्राचं भागतं. त्यांचीच पिल्लं पुढे आईबाप म्हणून ठेवली की नात्यातच वीण होत राहते. अंबेकर एकनाथ आणि रॉजर डॉयल यांनी कर्नाटकातली बीजकेंद्रं तपासून 1990 मध्ये मांडलं, की तिथे अंतःप्रजनन वर्षाला 2 ते 17 टक्क्यांनी वाढत असावं. तलाव भरत होते, कूळ आटत होतं.

यावर उपाय म्हणून भुवनेश्वरजवळच्या कौसल्यागंगेला, केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेत, 1992 मध्ये रोहूची पद्धतशीर निवड सुरू झाली. सोबत नॉर्वेची आक्वाफोर्स्क संस्था होती. सॅमन माशावर हेच काम नॉर्वेत 1970च्या दशकापासून चाललं होतं. कौसल्यागंगेला गंगा, यमुना, गोमती, ब्रह्मपुत्रा, सतलज या नद्यांचे रोहू आणले आणि संस्थेच्या तलावातलेही त्यांत मिळवले. रक्त जितकं वेगवेगळं, तितकी निवडीला जागा.

खरी मेहनत वंशावळ राखण्याची. मत्स्यजिरे, म्हणजे अगदी लहान पिल्लं, सगळे सारखेच दिसतात, म्हणून प्रत्येक जोडीची पिल्लं बोटुकली होईपर्यंत वेगळ्या तळ्यात वाढवायची. मग तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी पोटात टोचायची, तिच्यातल्या चिपमध्ये त्या माशाचा क्रमांक असतो. त्यानंतर सगळे एकाच तलावात, एकाच खाद्यावर. काढणीला वाचकयंत्र अंगावरून फिरवलं की वजनाशेजारी आईबाप कळतात. मग माशाचं स्वतःचं वजन आणि त्याच्या सख्ख्या-सावत्र भावंडांची वाढ, दोन्ही पाहून पुढचे आईबाप ठरतात. जवळच्या नात्यात जोडी लावत नाहीत.

प्रत्येक पिढीमागे वाढ सुमारे 17 टक्क्यांनी सुधारली. 1997 मध्ये, स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, वाणाला ‘जयंती’ नाव मिळालं. नंतर जिवाणूजन्य एरोमोनास रोगाला टिकून राहण्याचा गुणही निवडीत घेतला, आणि कटला या दुसऱ्या कार्पचाही ‘अमृत’ वाण निघाला.

बीजकेंद्राने जयंती आणून पुन्हा मोजक्याच जोड्यांवर काम चालवलं, तर ही कमाई ओसरत जाते. म्हणून पैदाशीचे मासे वेगवेगळ्या कुटुंबांतले घ्यावे लागतात आणि मूळ वाणाचं बीज वेळोवेळी नव्याने आणावं लागतं.