बालहट्ट आणि ‘नको’ : बालसंगोपनविचाराच्या इतिहासातील एक प्रकरण

भागवताच्या दशम स्कंधात यशोदा कृष्णाला उखळाशी बांधू लागते, तेव्हा प्रत्येक दोरी दोन अंगुळे अपुरी पडते. घरातील दावी एकास एक जोडूनही अंतर तेवढेच राहते. अखेर घामाघूम झालेल्या मातेकडे पाहून बालक आपण होऊन बद्ध होते. भक्तिमार्गात या कथेचा अर्थ निराळा आहे. तथापि बालसंगोपनाच्या अभ्यासकास तीत एक लौकिक सत्यही आढळते. लहान मुलास मर्यादा घालणे हे केवळ दोरीच्या लांबीचे काम नव्हे. त्यास मुलाची संमतीही कोठे तरी लागते.

या संमतीचा विचार परंपरेने फारसा केलेला दिसत नाही. राजहट्ट, स्त्रीहट्ट व बालहट्ट ही त्रयी मराठीत रूढ आहे. संस्कृत ‘हठ’ म्हणजे बळजोरी. त्यापासून आलेला ‘हट्ट’ हा शब्द मुलाच्या वर्तनाचे वर्णन करतो आणि त्याच क्षणी त्याचा निवाडाही करून टाकतो. पाच वर्षांपर्यंत लालन, पुढील दहा वर्षे ताडन व सोळाव्या वर्षापासून मित्रभाव, असा क्रम सांगणारे सुभाषित चाणक्याच्या नावावर चालते. त्या क्रमानुसार दोन वर्षांच्या मुलास मारणे शास्त्रसंमत ठरत नाही. तरीही धपाटा आणि बागुलबुवा घरोघरी नांदले. याचे एक कारण असे की, लालन व ताडन यांच्यामधील तिसऱ्या वाटेला या विचारात स्थानच नव्हते.

ती वाट दाखविण्याचे श्रेय बऱ्याच अंशी मारिया माँटेसरी यांचे आहे. १९०७ साली रोममध्ये त्यांनी पहिले बालगृह उघडले. १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या, बालपणाचे रहस्य उलगडणाऱ्या त्यांच्या ग्रंथात एक बोलका प्रसंग आहे. सुमारे दीड वर्षाच्या मुलास घेऊन चाललेल्या आईने उकाड्यामुळे अंगातील कोट काढून हातावर टाकला आणि मूल रडू लागले. कोट पुन्हा अंगात घालताच ते शांत झाले. वरकरणी हा निव्वळ हट्ट. वस्तुतः परिचित क्रम मोडल्याची ती व्यथा होती. मात्र प्रत्येक आग्रह पुरवावा, असे माँटेसरींचे मत नव्हते. इतरांचे हित ही मुलाच्या स्वातंत्र्याची सीमा त्यांनी स्पष्ट सांगितली होती.

भारतात हा विचार गिजुभाई बधेका यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात १९२० पासून रुजविला. ताराबाई मोडक १९२३ साली तेथे गेल्या आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. गिजुभाईंनी पालकांसाठी लिहिलेल्या एका गुजराती पुस्तकाचे नावच आईबाप होणे कठीण आहे, अशा अर्थाचे आहे. सुधारणेचा रोख मुलाकडून पालकाकडे वळल्याची ती खूण होय. १९४५ साली ताराबाईंनी बोर्डी येथे व १९५७ पासून कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्यासह काम केले. वारली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांना दटावून आणण्याऐवजी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. मुलाच्या नकारातून पद्धतीचा दोष ओळखण्याचे हे ठळक उदाहरण होय.

या नकाराचे मूल्य पुढे मानसशास्त्र व भाषाशास्त्र यांनीही ओळखले. रेने स्पिट्झ यांनी १९५७ साली असे प्रतिपादन केले की, सुमारे पंधराव्या महिन्यात मूल मान हलवून अर्थपूर्ण नकार देते. मातेची निषेधाची खूण ते उचलते व तिच्यावरच उलटविते. स्पिट्झ यांच्या मते हीच त्याची पहिली अमूर्त कल्पना. लोइस ब्लूम यांनी १९७० साली इंग्रजीभाषक मुलांच्या नकाराचे अभाव, अस्वीकार व खंडन असे तीन अर्थ वेगळे केले. इंग्रजी मूल आरंभी हे तिन्ही अर्थ एकाच शब्दावर भागविते. मराठीत मात्र ‘दूध नाही’ व ‘दूध नको’ हा भेद शब्दातच आहे. शिवाय ‘हात लावू नको’ हा निषेध आणि ‘मला नको’ हा अस्वीकार, दोन्ही एकाच शब्दाने होतात. ज्या शब्दाने आई मुलाचा हात आवरते, त्याच शब्दाने मूल आईचा घास परतविते. स्पिट्झ यांना मानेच्या हालचालीत जे दिसले, ते मराठी घरात उघड ऐकू येते.

यावरून मुलाचा ‘नको’ हा मर्यादेचा केवळ भंग नसून मर्यादेच्या भाषेतील त्याचा पहिला प्रवेश आहे, असे म्हणता येते. तो धाकाने मोडल्यास मूल गप्प बसेल, पण मर्यादा शिकणार नाही. उलट प्रत्येक वेळी त्यापुढे नमते घेतल्यास त्या शब्दाला अर्थच उरणार नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षेस मनाई केली. पण तो कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांच्या शिक्षणापुरता आहे. दोन वर्षांच्या मुलाचा प्रश्न प्रथम घरातच सुटावयाचा असतो. विस्तव, विहीर, दुसऱ्यास इजा अशा ठिकाणी पालकाचा ‘नको’ अढळ असावा. इतरत्र मुलाच्या ‘नको’ला ऐकणारा कान असावा. दोरीची ती दोन अंगुळे याच रीतीने भरून निघतात.