पुसलेली नोट परत का येते? सिंकची गोष्ट

फोनमधल्या नोट्स आणि लॅपटॉपवरचं फोल्डर, या दोघांचा मेळ घालायचा म्हणजे सिंक. ऐकायला सोपं आहे. मग एकच नोट कधीकधी दोनदा का दिसते? आणि काल पुसलेली नोट आज परत का उगवते? याचं उत्तर शोधायला आपल्याला १९९६ मध्ये जावं लागेल.

त्या वर्षी अमेरिकेत 'पाम पायलट' बाजारात आला. पत्ते, तारखा, कामांची यादी आणि टिपणं सांभाळणारं, खिशात मावणारं यंत्र. असल्या सॉफ्टवेअरला पर्सनल इन्फर्मेशन मॅनेजर म्हणतात, थोडक्यात पीआयएम. डेस्कटॉपवर ती कल्पना आधीच होती, लोटस कंपनीचं 'अजेंडा' १९८८ मध्येच आलं होतं. पायलटच्या सगळ्यात स्वस्त मॉडेलची मेमरी होती १२८ केबी. आज व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा 'शुभ सकाळ'चा एखादा फोटोही त्यात मावायचा नाही.

पण पायलटची खरी करामत त्याच्या स्टँडवर होती. यंत्र स्टँडवर ठेवायचं, एक बटण दाबायचं, की कॉम्प्युटरशी मेळ. याचं नाव हॉटसिंक. आत काय चालायचं? प्रत्येक नोंदीला स्वतःचा नंबर आणि एक छोटी खूण असायची: 'मला बदललंय'. आणि तुम्ही नोंद पुसलीत तरी ती लगेच पूर्ण जायची नाही, 'मी पुसलेली आहे' अशी खूण पुढच्या सिंकपर्यंत शिल्लक राहायची. मला हा सगळ्यात हुशार भाग वाटतो. कारण सिंकमधला अवघड प्रश्न 'काय बदललं' हा नाहीच. एका बाजूला नोंद आहे, दुसऱ्या बाजूला नाही, तर ती इथे नव्याने लिहिली की तिथे पुसली? नुसतं दोन्हीकडे बघून हे कळत नाही. मागच्या भेटीत काय होतं, ते कुणीतरी लक्षात ठेवावं लागतं.

दोन्हीकडे एकच नोंद बदलली असेल तर? पाम दोन्ही ठेवायचा. डबल नोंद झाली तर माणूस वैतागतो, पण मजकूर गेला तर रडतो. बरोबर निर्णय, माझ्या मते. एकीकडे पुसली आणि दुसरीकडे बदलली, तर बदललेली जिंकायची. घरी आणि ऑफिसात असे दोन कॉम्प्युटर असले, की मात्र खुणांवर भरवसा नाही, कारण पहिल्याने त्या आधीच पुसलेल्या असायच्या. मग मागच्या वेळची प्रत काढून एकेक नोंद ताडून बघायची. त्याला नावच होतं 'स्लो सिंक'.

आता फाइली आणि फोल्डरकडे या. इथे गोची आहे. साध्या फाइलला 'मला पुसलंय' अशी खूण मागे ठेवता येत नाही. ती गेली की गेली. नाव, आकार, बदलाची वेळ, एवढ्यावरच भागवायचं. त्यात पेनड्राइव्हवर सर्रास असणारी फॅट ही फाइल सिस्टीम बदलाची वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांतच लिहिते. म्हणजे तीच फाइल इकडून तिकडे नेली तरी वेळ जुळेलच असं नाही.

१९९८ मध्ये एस. बालसुब्रमण्यम आणि बेंजामिन पिअर्स यांनी एक शोधनिबंध लिहिला. प्रश्न साधा: फाइल सिंक करणाऱ्या प्रोग्रामने नक्की काय करायला हवं? उत्तर असं, की फक्त एका बाजूला बदल झाला असेल तर तो दुसरीकडे न्या. दोन्हीकडे झाला असेल तर हात लावू नका, माणसाला विचारा. पिअर्स यांच्या 'युनिसन' या प्रोग्रामने हेच केलं, मागच्या सिंकची अवस्था वेगळ्या फाइलमध्ये जपून. २००८ मध्ये सगळ्यांसाठी खुला झालेला ड्रॉपबॉक्स माणसाला विचारत बसत नाही. तो सरळ 'कॉन्फ्लिक्टेड कॉपी' नावाची दुसरी फाइल ठेवतो. पामचाच जुना तोडगा, बघा.

आणखी एक घोळ राहिला, नाव बदलण्याचा. फाइलचं नाव बदललं, की लांबून बघणाऱ्याला वाटतं, एक फाइल पुसली आणि दुसरी नवी आली. मग जुन्या नावाला जोडलेल्या लिंका तुटतात. कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने २००३ मध्ये सुरू केलेल्या 'ऑर्ग मोड'मध्ये नोंदीच्या मजकुरातच तिचा आयडी लिहून ठेवता येतो. म्हणजे ती कुठेही हलवा, ओळख तिच्यासोबतच जाते. २०२० मध्ये आलेल्या 'ऑब्सिडियन'च्या आत तुम्ही नोटचं नाव बदललंत, तर ते लिंका सांभाळतं. बाहेरून, फाइल मॅनेजरमधून बदललंत तर नाही.

आणि हे खास आपल्यासाठी. 'दुसऱ्या सत्राच्या नोट्स' अशी फाइल घ्या. त्यातला ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एक अखंड अक्षर म्हणून, किंवा र आणि खाली नुक्ता असे दोन तुकडे म्हणून. स्क्रीनवर दोन्ही सारखेच. अ‍ॅपलची १९९८ सालची एचएफएस प्लस ही फाइल सिस्टीम नावातल्या अशा अक्षरांचे तुकडे करूनच ठेवायची. लिनक्स मात्र नुसते बाइट बघतं. त्यामुळे मॅकवरून फिरून आलेली फाइल तिथे वेगळ्या नावाची ठरायची, आणि फोल्डरमध्ये हुबेहूब नावाच्या दोन फाइली दिसायच्या. 'गिट'ला यासाठी २०१२ मध्ये वेगळं सेटिंग द्यावं लागलं. २०१७ पासून मॅकवर आलेली नवी फाइल सिस्टीम दोन्ही रूपं एकच नाव मानते, पण मिळालेलं रूप जसंच्या तसं ठेवते. म्हणजे जुनं तुकड्यांचं नाव अजूनही कुठल्यातरी सर्व्हरपर्यंत पोचू शकतं.

तर, एकाच नावाच्या दोन फाइली दिसल्या तर एक लगेच उडवू नका. आधी दोन्ही उघडून बघा, मजकूर वेगळा असू शकतो.