पाण्याच्या पडद्याआडचा बादशहा

आजच्या कलाजगतात 'मांडणशिल्प' नावाचा प्रकार रूढ आहे. कलावंत पाणी, उजेड, आवाज यांची एका जागेत मांडणी करतो आणि त्यातून स्वतःची एक पुराणकथा रचतो. पाहणारा त्या मांडणीच्या आत उभा राहतो. ही कल्पना नवी मानली जाते. पण नळदुर्गच्या पाणीमहालात ती चारशे वर्षांपासून नांदते आहे, असे आम्हाला वाटते.

१९८२ पर्यंत लातूर आणि नळदुर्ग एकाच उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात होते. म्हणजे हा वारसा आम्हा लातूर-नांदेडकरांच्या घरचाच. विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशहा (कारकीर्द १५८०–१६२७) याच्या काळात, १६१३ साली, मीर इमादीनने बोरी नदीवरच्या बंधाऱ्यात हा महाल बांधला. बंधारा मुख्य किल्ल्याला रणमंडळाशी जोडतो. पावसाळ्यात 'नर' आणि 'मादी' या सांडव्यांवरून पाणी कोसळते. बंधाऱ्याच्या पोटातल्या सज्जात बसलेल्यासमोर पाण्याचा पडदा असतो. आतली दालने मात्र शाबूत राहतात.

वेढ्याच्या दिवसांत पाणी हवे, म्हणून बंधारा. पण त्याच्या पोटात बसून पाणी न्याहाळण्याची सोय कशासाठी? लष्करी गरजेत याचे उत्तर सापडत नाही. ते बादशहाच्या स्वभावात शोधावे लागते.

इब्राहिमने 'किताब-ए-नौरस' हा गीतसंग्रह रचला. 'नौरस' म्हणजे नऊ रस. फारसीत ताजे, नुकतेच आलेले. या गीतांत तो गणपतीला पिता आणि सरस्वतीला माता म्हणतो. फर्रुख हुसेनने १६०४ च्या सुमारास काढलेल्या सरस्वतीच्या चित्रावरही बादशहाचे हेच नाते लिहिलेले आहे. लोक त्याला 'जगद्गुरू' म्हणत. त्याच संग्रहात हजरत पैगंबर आणि गुलबर्ग्याचे ख्वाजा बंदानवाज यांचीही स्तुती आहे, आणि विजापुरात त्याच्या रौझ्याच्या भिंतींवर कुरआनच्या आयती कोरल्या आहेत. एक सोडून दुसरे धरण्याची वेळ त्याने स्वतःवर येऊ दिली नाही.

ही गीते दखनीत आहेत. नांदेड-लातूरच्या मोहल्ल्यांत आमची मुले जी दखनी बोलतात, तिला 'बिघडलेली उर्दू' म्हणून हिणवले जाते. त्याच मुलांना कधी कधी विचारलेही जाते, 'तुम्ही मूळचे कुठले?' उत्तर वंशावळीत शोधायची गरज नाही. एका बादशहाने आपली स्वप्ने या मातीच्या बोलीत गायिली आणि आपले पाणी इथल्या नदीत अडवले. शाळांच्या सहली नळदुर्गला जातात, मुले नर-मादी पाहून परततात. पाणीमहालाच्या सज्जात उभे असताना त्यांना एवढेच सांगावे की हा महाल ज्याच्या काळात झाला, तो बादशहा तुमच्याच बोलीत गात असे.