फोडणीपुरते तेल : मराठी पाकपुस्तकातील एक रिकामी जागा

पाकपुस्तकाला साहित्यविचारात जागा नाही, हे ग्रंथालयाच्या कपाटांनीच ठरवून टाकलेले असते. ड्युईच्या दशांश वर्गीकरणात पाककृती 641.5 या घरात जातात, आहारशास्त्र 613.2 मध्ये आणि साहित्य आठशेच्या पुढे. ‘झटपट, पौष्टिक आणि कमी कॅलरीचे’ असे मुखपृष्ठावर लिहिलेले पुस्तक पहिल्या घरात राहून दुसऱ्या घराची भाषा बोलते. ते संहिता म्हणून वाचण्याची गरज समीक्षेला भासलेली नाही. प्रस्तुत लेखिकेलाही ती भासली नसती. परंतु रक्तातील साखरेचा अहवाल हाती आला आणि नाशिकच्या महात्मा गांधी रस्त्यावरील एका दुकानात अशा तीन पुस्तकांमधून एक निवडण्याचा प्रसंग आला.

तिन्ही पुस्तकांत पालेभाजीची कृती होती. भाजीचे वजन ग्रॅममध्ये होते, मुगाच्या डाळीचे होते, कृतीखाली प्रत्येक व्यक्तीमागे किती कॅलरी हेही छापलेले होते. तेलापुढे मात्र दोन पुस्तकांनी ‘फोडणीपुरते’ एवढेच म्हटले होते. तेलाच्या एका ग्रॅममध्ये सुमारे 9 किलोकॅलरी असतात, पिष्टमय पदार्थांत आणि प्रथिनांत सुमारे 4. म्हणजे ज्या एका घटकावर सगळा हिशेब उभा, तोच घटक हिशेबाबाहेर ठेवून बेरीज मात्र नेमकी दिलेली. ही मुद्रणातील हयगय नाही. या रिकाम्या जागेला मोठा इतिहास आहे.

वोल्फगांग इझरने कथनात्मक साहित्यातील रिक्त स्थळांचा विचार मांडला, तेव्हा त्याच्यासमोर कादंबरी होती. लेखकाने न सांगितलेले वाचकाने भरून काढायचे आणि त्या भरण्यातूनच संहितेला अभिप्रेत असलेला वाचक घडायचा, असे त्याचे प्रतिपादन थोडक्यात सांगता येईल. पाकपुस्तकाला ते कादंबरीपेक्षाही अधिक अक्षरशः लागू पडते. ‘चवीनुसार मीठ’, ‘अंदाजे पाणी’, ‘फोडणीपुरते तेल’ या जागा वाचक कल्पनेने भरत नाही, हाताने भरतो. तो हात कोणी घडवला, हा प्रश्न पुस्तकाच्या बाहेरचा वाटला तरी पुस्तक त्याच्याच आधारावर उभे असते.

अन्नाविषयी लिहिण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लासा’त अन्नभोगाचे प्रकरण आहे. सतराव्या शतकात रघुनाथ गणेश नवहस्त यांनी ‘भोजनकुतूहल’ लिहिले. त्यात धान्ये, भाज्या, दूध-तूप यांचे गुणदोष आयुर्वेदाच्या आधाराने सांगितलेले आहेत. पण या ग्रंथांचा वाचक स्वतः चुलीपाशी बसणारा नव्हे. काय खावे आणि काय वर्ज्य करावे हे त्याला ठरवायचे आहे; शिजवायचे दुसऱ्या कोणी. पथ्यापथ्याची ही भाषा राजाची आणि वैद्याची आहे.

छापील मराठी पाकपुस्तकाच्या आरंभीच्या काळातही लेखणी पुरुषाच्या हाती दिसते. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ 1875 चे. ‘शास्त्र’ हा शब्द येथे अलंकार म्हणून आलेला नाही. स्वयंपाकघरातील ज्ञानाला छापील विद्येच्या पंक्तीत बसवण्याचा तो प्रयत्न होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेर लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ आले आणि लिहिणारी व रांधणारी व्यक्ती एक झाली. नावातच वाचक सांगितलेला आहे: साक्षर गृहिणी. हजार पाकक्रियांचे आश्वासन देणारे ते पुस्तक विपुलतेचे पुस्तक आहे. कमी खाण्यासाठी पुस्तक लागते, ही कल्पना त्या जगात बसणारी नव्हती.

मापांचा प्रश्न येथून पुढे लक्षपूर्वक पाहायला हवा. शेर म्हणजे 80 तोळे, आजच्या हिशेबात सुमारे 933 ग्रॅम. 1956 च्या कायद्याने दशमान वजने-मापे आली आणि पुढील काही वर्षांत बाजारातून शेर-तोळा हद्दपार झाला. अशा वेळी, 1970 मध्ये, कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ प्रसिद्ध झाली. ग्रॅम कायद्याने उपलब्ध असूनही या पुस्तकाने वाटी आणि चमचा निवडला. ‘रुचिरा’च्या असामान्य खपाचे श्रेय सहसा सोपेपणाला दिले जाते. माझ्या मते ते वाटीला द्यायला हवे. वाटी हे निरपेक्ष माप नाही, पण एका घरात तीच वाटी पिठाला आणि तीच पाण्याला लागते, त्यामुळे प्रमाण टिकते. ओगल्यांचे औपचारिक शिक्षण फार झालेले नव्हते. स्वयंपाक त्या सासूच्या हाताखाली शिकल्या. त्यांच्या पुस्तकाची वाचक मात्र सासूपासून दूर, शहरातल्या दोन खोल्यांत संसार मांडलेली मुलगी होती. पुस्तक त्या गैरहजर सासूची जागा घेते. मराठी पाकपुस्तकातील रिकामी जागा येथे प्रथमच एवढ्या जाणीवपूर्वक अरुंद केली गेली.

कॅलरीची वाट वेगळी. अमेरिकेत ॲटवॉटरने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अन्नाची ऊर्जा मोजली. 1918 मध्ये ल्यूलू हंट पीटर्स या डॉक्टरबाईंनी ती घराघरांत नेली. पावाचा तुकडा म्हणू नका, शंभर कॅलरींचा पाव म्हणा, असे त्यांचे सांगणे होते. नामाच्या जागी संख्या आणणारा हा भाषिक बदल आहे. भारतात हे शास्त्र आले ते उलट्या प्रश्नासाठी. कुन्नूरच्या प्रयोगशाळेतून 1937 मध्ये ॲक्रॉइड यांनी भारतीय अन्नाच्या पोषणमूल्यांचे कोष्टक प्रसिद्ध केले, तेव्हा चिंता अपुऱ्या आहाराची होती. ही संस्था 1958 मध्ये हैदराबादला गेली आणि 1971 मध्ये गोपालन व सहकाऱ्यांचे सुपरिचित कोष्टक निघाले. उपासमार मोजण्यासाठी तयार झालेली फूटपट्टी पुढे लठ्ठपणा मोजायला वापरली गेली. शिवाय या कोष्टकांतील बहुतेक आकडे कच्च्या धान्याचे आहेत, शिजलेल्या पानातल्या पदार्थाचे नव्हेत. कच्चे आणि शिजलेले यांच्या मधोमध नेमकी फोडणी येते.

याच कोष्टकाने आपल्या एका लाडक्या शब्दाची पंचाईत केली आहे. तो शब्द ‘हलके’. मूग हलका, उडीद जड, हे मराठी घरात मुलालाही ठाऊक असते. गोपालन यांच्या कोष्टकात 100 ग्रॅम मुगाच्या डाळीत 348 किलोकॅलरी आहेत, उडदाच्या डाळीत 347. आयुर्वेदातील लघु-गुरू हा पचनाचा विचार आहे, ऊर्जेचा नव्हे. कमी कॅलरीची मराठी पुस्तके मात्र ‘हलका आहार’ हा शब्द दोन्ही अर्थांनी, सोयीप्रमाणे, वापरतात. वैद्याची अधिकारवाणी आणि प्रयोगशाळेचा आकडा एकाच वाक्यात नांदू लागतात आणि वाचकाला आपण काय मोजतो आहोत हेच कळेनासे होते.

‘झटपट’ हा शब्दही तपासायला हवा. थालीपीठ दहा मिनिटांत होते, कारण भाजणी डब्यात असते. ती कोणीतरी कधीतरी निवडून, भाजून, दळून आणलेली असते. झटपटपणा म्हणजे बहुधा कृतीबाहेर ठेवलेले श्रम. अलीकडच्या महाराष्ट्रात तर आहारविचाराने पाकपुस्तकच बाजूला सारले. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या ‘विनासायास वेटलॉस’ या मांडणीत दिवसातून दोनदाच आणि 55 मिनिटांच्या आत जेवायचे असते. प्रश्न ‘काय’ आणि ‘किती’ यांच्यापेक्षा ‘केव्हा’चा होतो. तिच्या वैद्यकीय गुणावगुणांवर बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण रांधणाऱ्या व्यक्तीला काही शिकावे लागू नये, हे आश्वासन तिच्या लोकप्रियतेत आहे, असे मला वाटते.

या साऱ्या इतिहासात तेल घरात आहेच असे गृहीत धरलेले आहे. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (2015) या पुस्तकाने हे गृहीतकच उघडे पाडले. मराठवाड्यातील महार आणि मांग समाजांचे अन्न त्यात नोंदवलेले आहे. ज्या स्वयंपाकघरांत तेल, तूप, दूध ही नित्याची गोष्ट नव्हती, त्यांची ती नोंद आहे. या पुस्तकाशेजारी कमी तेलाच्या पाककृतींचा गुळगुळीत संग्रह ठेवून पाहावा. एकाच्या पानावरची टंचाई दुसऱ्याच्या पानावर जीवनशैली होते. भाकरी, ठेचा, शिजवलेली रानभाजी ‘आरोग्यदायी’ म्हणून परत येते, तेव्हा ज्यांनी ती नाइलाजाने खाल्ली त्यांचा उल्लेख येत नाही. तरुण अभ्यासकांनी पाकपुस्तकांकडे वळायचे असेल तर येथून सुरुवात करावी. सणासुदीच्या पक्वान्नांवर पुरेसे स्मरणरंजन लिहून झाले आहे.

नाशिकमध्ये तेलाच्या मापाची आणखी एक सार्वजनिक परिभाषा आहे. मिसळीवरची तर्री ‘अजून घाला’ किंवा ‘पुरे’ एवढ्याच दोन शब्दांत मोजली जाते, आणि गिऱ्हाईक व वाढपी यांच्यात त्यावरून कधी गैरसमज झालेला मी पाहिलेला नाही. त्या भाषेला कॅलरी शिकवायला जाण्यात अर्थ नाही. पुस्तकाचे तसे नाही. ते वाढपी नसते, ‘पुरे’ म्हटलेले त्याला ऐकू येत नाही.

त्या दिवशी मी तिसरे पुस्तक घेतले. छपाई सामान्य, छायाचित्रे नाहीत, पदार्थांची नावे तर फारच रुक्ष. पण प्रत्येक फोडणीपुढे तेल चहाच्या चमच्यांत दिलेले होते आणि कॅलरीच्या आकड्यात ते धरलेले होते. घरी आल्यावर सासूबाईंच्या काळापासून फोडणीला वापरात असलेली पळी पाण्याने भरून औषधाच्या मोजपात्रात ओतली. 28 मिलिलिटर भरले. तेवढे तेल म्हणजे साधारण 230 किलोकॅलरी, 60 ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीपेक्षा अधिक. सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी मोजपात्राकडे पाहिले आणि म्हणाल्या, ‘मी पळी कधी भरून घेतच नाही. अर्ध्याच्या जरा वर.’